भास्कर लोणारेचा पळून जाण्याचा अर्ज

हिंगणपेठेत कोणी सिनेमाबद्दल मत दिलं, की त्या सिनेमातली माणसं दुसऱ्या दिवशी सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान त्याच्या घरी खुलासा मागायला येत.

यात कोणाला काही वावगं वाटत नसे. पोस्टमन येतो, वीज जाते, तशी ती येत. चहा घेत, आपलं म्हणणं मांडत, मत देणाऱ्याचं ऐकून घेत. नगरपालिकेच्या छापील नमुन्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या होत आणि संध्याकाळच्या खेळाआधी ती मंडळी आपापल्या जागी परत जात. बहुतेक वेळा प्रकरण एवढ्यावर मिटे. बहुतेक वेळा म्हटलं, नेहमी नाही. खालच्या आळीतल्या एका मास्तरांनी एका रडक्या सिनेमातल्या आईबद्दल ‘जरा अति करते’ एवढंच म्हटलं होतं. ती आई अकरा वर्षं झाली मास्तरांच्या स्वयंपाकघरात बसून आहे, आणि मास्तर रोज सकाळी खुलासा देतात.

म्हणून गावातली माणसं टॉकीजमधून बाहेर पडताना खुर्च्यांबद्दल बोलत, पंख्यांबद्दल बोलत, मध्यंतरातल्या वड्याबद्दल तर फारच मोकळेपणाने बोलत. सिनेमाबद्दल मात्र अवाक्षर नाही. खरं मत फारच पोटात मावेना झालं, तर ते द्यायला जकात नाक्यापलीकडे जायचं, असा रिवाज होता. नियम नगरपालिकेच्या हद्दीपुरता. नाक्यापलीकडे शंभरएक पावलांवर आप्पा जगदाळ्यांचं रसवंतीगृह होतं. रविवारी संध्याकाळी तिथल्या बाकांवर बसून गावातले पुरुष आठवडाभराची मतं घडाघडा बोलून टाकत, वर एकेक ग्लास उसाचा रस पीत आणि हलक्या पोटाने घरी येत.

भास्कर लोणारे हा गावातला सगळ्यांत निरुपद्रवी प्रेक्षक. वय शेहेचाळीस, शाळेमागे घर आणि घराला लागून पिठाची गिरणी. दर गुरुवारी त्या भागातली वीज बंद असे आणि टॉकीज दुसऱ्या भागात होती, म्हणून तो गुरुवारी सिनेमाला जाई. कोणता लागलाय हे तिकीट काढल्यावर विचारी. सिनेमातलं आपल्याला काही कळतं असा त्याचा दावा नव्हता. एकदा त्याने एकाच सिनेमाचा उत्तरार्ध दोनदा बघितला होता आणि दोन्ही वेळा त्याला तो पुरेसा वाटला होता.

गेल्या महिन्यात त्याचा मेहुणा विलास नाशिकहून चार दिवसांसाठी आला. टॉकीजवर तेव्हा जुने सिनेमे लावले होते. शुक्रवारी मारामारीचा, शनिवारी विनोदी, रविवारी घोड्यांचा. घोड्यांचा म्हणजे अमेरिकेतला, धुळीतला, मोठ्या टोप्यांचा, पण हिंदीत बोलणारा. त्यातल्या माणसांचे ओठ आधी हलत आणि शब्द मागाहून येत. विलासच्या हट्टापायी भास्करने तिन्ही बघितले. रविवारी टॉकीजच्या पायऱ्या उतरताना विलासला राहवेना.

“काय दाजी, तीन दिवस तीन सिनेमे बघितले, आणि तुम्ही नुसते ढेकणांवर बोलताय. तुमच्यापेक्षा ती खुर्ची बरी, करकरते तरी.”

“इथं नको,” भास्कर म्हणाला. “चल, रस पिऊ.”

रसवंतीवर तेरा-चौदा माणसं होती. चरकाचे घुंगरू वाजत होते. भास्करने पहिला ग्लास संपवला, मिशी पुसली, आणि नाका मागे राहिलाय याची मान वळवून एकदा खात्री केली.

“मारामारीचा मला आवडतो,” तो म्हणाला. “वेळ बरा जातो. गिरणीमुळे आवाजाची सवय आहे, डोकंबिकं दुखत नाही. एक गोष्ट कळत नाही फक्त. तो एकटा, ते बारा. तो एकाला बडवत असतो तेव्हा उरलेले अकरा करतात काय? नंबर लावून उभे राहतात. माझ्या गिरणीतल्या बायका बऱ्या, त्या मध्ये घुसतात तरी.”

बाकांवरची माणसं हसली. भास्करला बोलण्याची फारशी सवय नव्हती आणि हसण्याने माणूस चढतो.

“आणि विनोदी?” विलास म्हणाला.

“पहिला अर्धा तास हसतो मी. मग ती माणसं ओरडायला लागतात. माणूस घसरून पडला की एकदा हसू येतं. दुसऱ्यांदा पडला की मला वाटतं, अरे याला कोणीतरी डॉक्टरकडे न्या.”

“आजचा?”

“घोडे आवडले. मोकळी जागा आवडली, किती लांबपर्यंत एक घर नाही. पण शेवटी तो भर दुपारी रस्त्याच्या मधोमध उभा राहतो. समोर तो काळ्या कोटवाला, कमरेला पिस्तूल. आणि हा घाबरत नाही. पापणीसुद्धा हलत नाही. हे काही मला पटत नाही बाबा. मी असतो तर पळालो असतो.”

घुंगरू थांबले. ग्लास माणसांच्या ओठांपाशी राहिले. ‘मी असतो तर’ हे तीन शब्द हिंगणपेठेत तान्ह्या पोरालासुद्धा कोणी शिकवत नसे, कारण नियमात ते मत धरलं जात नाही, अर्ज धरला जातो.

“अहो, नाक्याच्या बाहेर आहोत आपण,” आप्पा जगदाळे म्हणाले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि रस प्यायला.

सोमवारी सकाळी विलास सातच्या गाडीने गेला. दहा वाजता दारावर थाप पडली. भास्करने दार उघडलं तर बाहेर अकरा माणसं रांगेत उभी होती, पायरीपासून थेट कोपऱ्यावरच्या नळापर्यंत. कोणाच्या डोळ्याखाली काळंनिळं, कोणाची बाही फाटलेली.

“लोणारे आपणच?” पुढचा म्हणाला. “आम्ही नंबर लावून उभे राहतो असं आपण म्हणालात.”

“मी ते नाक्यापलीकडं म्हणालो,” भास्कर म्हणाला.

त्या माणसाने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि अतिशय सभ्यपणे त्याच्या हातात दिला. नगरपालिकेची हद्दवाढ झाली होती. एक तारखेपासून हद्द नाक्यापाशी संपत नव्हती, पुढे कालव्यापर्यंत गेली होती. जगदाळ्यांचं रसवंतीगृह आता वॉर्ड नऊ. हरकती असल्यास पंधरा दिवसांत कळवा, असं वर्तमानपत्रात दिलं होतं.

भास्करने आत हाक मारली. “शैला, हद्दवाढीचं काही आलं होतं का गं पेपरात?”

“कुठल्या पेपरात?” त्याची बायको शैला आतून म्हणाली. “गेल्या महिन्यातला, दहा तारखेचा ना? तो मांडणीवर अंथरलाय. त्यावर डबे आहेत.”

अकरा माणसांना भास्कर भ्यायला नाही. त्यांचं म्हणणं साधं होतं. सगळे एकदम अंगावर गेलो तर त्या एकट्याला लागेल, आणि त्याला लागलं तर सिनेमा बंद, आमची पोरंबाळं त्याच्यावरच आहेत. यात खोटं काय आहे, तुम्हीच सांगा. भास्करने लगेच सही केली. बारावा का नाही आला म्हणून शैलाने विचारलं, तर तो पहिल्याच बुक्कीत जातो, त्याला उभं राहायचं ठाऊक नाही, असं कळलं. त्यांनी चहासुद्धा रांगेत घेतला.

भास्करच्या मनात मात्र वार मोजणं चालू होतं. एका दिवशी एकाच सिनेमाची माणसं येत. आज सोमवार, आज मारामारी. उद्या मंगळवार. परवा बुधवार. बुधवारशी येऊन बोट थांबलं.

मंगळवारी पाच जण आले. उंबऱ्यात पहिला पडला, त्याच्यावर दुसरा पडला, दुसऱ्याच्या हातातली बादली तिसऱ्याच्या डोक्यात बसली. ते उठले, कपडे झटकले आणि बाहेर गेले. मग परत आत येऊन तसेच पडले.

“आपण दुसऱ्यांदा हसत नाही अशी तक्रार आहे,” त्यातला जाडा म्हणाला. “आपण हसेपर्यंत आम्हाला पडावं लागेल. आमचाही नाइलाज आहे.”

अकरा वेळा ते पडले. जाड्याच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. भास्करला एकेका पडण्यासरशी डोळ्यांपुढे बुधवार दिसत होता. बाराव्या वेळी त्याच्या तोंडून एक आवाज निघाला. तो हसण्याचा नव्हता, पण नमुन्यात हसण्याचा प्रकार विचारलेला नसतो. सह्या झाल्या. शैलाने जाड्याच्या गुडघ्याला हळद लावली.

निघताना जाडा भास्करच्या कानाशी आला. आता तो अजिबात गमतीशीर दिसत नव्हता.

“उद्या घोडेवाल्यांपैकी एक येईल. टॉकीजच्या वरच्या खोलीत आमच्या रिळांचे डबे शेजारी-शेजारी असतात, म्हणून सांगतो. रात्री आम्ही सगळे काही ना काही बोलतो. तो कधी बोलत नाही.”

बुधवारी दहा वाजले, कोणी आलं नाही. अकरा वाजले. गिरणीत बायका डबे घेऊन जमल्या होत्या आणि भास्कर पट्ट्याचा आवाज ऐकत होता. साडेअकराला त्याला वाटलं, सुटलो बहुतेक. लांबून आलेला माणूस, वाट चुकला असेल. बाराला पाच कमी असताना रस्त्यावरून टापा ऐकू आल्या. सावकाश, घाई नसल्यासारख्या. बायकांनी एकमेकींकडे बघितलं आणि डबे तिथेच ठेवून निघून गेल्या. यापूर्वी त्या गिरणीतून डबा न घेता कोणी बाई गेलेली नव्हती.

पडद्यावर भर दुपारी रस्त्यात उभ्या राहणाऱ्या त्या माणसाने घोडा खिडकीच्या गजाला बांधला, टोपी काढली आणि वाकून आत आला. त्याच्या अंगावरून बारीक धूळ गळत होती.

त्याचे ओठ हलले, थांबले. मग शब्द आले. “आपला अर्ज मिळाला.”

“अर्ज नव्हता तो,” भास्कर म्हणाला. “बोलण्याच्या ओघात गेलं. मेहुणा होता बरोबर.”

ओठ पुन्हा हलले. “सगळ्यांच्या बरोबर कोणीतरी असतंच.” त्याने छातीशी ठेवलेला कागद काढून पिठाच्या फळीवर पसरला. नमुना नऊ, बदली. अर्जदार भास्कर लोणारे. अर्जाचा मजकूर, ‘मी असतो तर पळालो असतो.’ खाली मंजूर असा गोल शिक्का. “परवा शुक्रवार. दुपारचा खेळ. दोन वाजून पन्नास मिनिटांनी तो रस्ता लागतो. आत तेव्हा बारा वाजलेले असतात.”

“आणि तुम्ही?”

“मी इथं. बदली आहे ती.” त्याने गिरणीकडे बघितलं. “हे चालवायला किती माणसं लागतात?”

“एक.”

“समोर कोणी उभं असतं?”

“बायका. डबे घेऊन.”

त्याने बराच वेळ विचार केला. “चालेल,” तो म्हणाला.

शैला दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, “ते ठीक आहे, पण तुम्ही राहणार कुठं? घरात आम्ही दोघंच असतो.”

“घोड्याजवळ,” तो म्हणाला.

भास्करला एकच गोष्ट विचारायची होती आणि तीच तोंडातून बाहेर पडत नव्हती.  अखेर त्याने विचारलं, “मी पळालो, तर तो काळ्या कोटवाला काय करील?”

यावेळी ओठ आणि शब्द यांच्यामध्ये फारच वेळ गेला.

“तो फार चांगला नेमबाज आहे,” तो माणूस म्हणाला.

गुरुवारी भास्कर नगरपालिकेत गेला. करमणूक विभागात गजभिये बाई बसत. बावीस वर्षं त्या खुर्चीवर होत्या आणि त्यांनी आजवर एकही सिनेमा बघितला नव्हता, मनावर दडपण नको म्हणून.

“मत मागं घेता येतं, लोणारे,” त्या म्हणाल्या. “नमुना सात. अर्ज मागं घ्यायचा तर नमुना अकरा. पण तो मंजुरीच्या आधी द्यावा लागतो.”

“मंजुरी कधी झाली?”

“तुम्ही बोललात तेव्हाच. रसवंतीवर चौदा साक्षीदार.”

“ते सगळे माझे ओळखीचे आहेत, मॅडम.”

“म्हणून तर नावं व्यवस्थित लिहिता आली.”

भास्करने खुर्ची पुढे ओढली. “समजा मी पळालोच नाही, तर? नुसता उभा राहिलो, वेळ संपला, घरी आलो?”

“म्हणजे पळणार नाही असं ठरवून? तो खोटा अर्ज होईल. त्याचं कलम वेगळं आहे.”

“काय होतं त्यात?”

गजभिये बाईंनी हातातली फाइल खाली ठेवली आणि आवाज उतरवला. “शेळके आठवतात तुम्हाला?”

“कोण शेळके?”

“बघा,” बाई म्हणाल्या.

पंखा फिरत होता. भास्करने शेळके आठवण्याचा खूप प्रयत्न केला. गावात ते नाव कधी कोणाचं होतं असं त्याला वाटेना. मात्र खिडकीशेजारच्या बाकावर एका माणसाने बसून-बसून गुळगुळीत केलेली जागा होती, आणि तिथे कोण बसायचं ते त्याला सांगता आलं नाही. 

“भावासारखे आहात म्हणून सांगते,” बाई म्हणाल्या, “जेवून जा. तिथं काही मिळत नाही म्हणतात.”

वीज नव्हती, म्हणून दुपारी गिरणी बंद होती. भास्करने त्या माणसाला जातं उघडून दाखवलं. ज्वारीला दगड किती जवळ आणायचा, गव्हाला किती सोडायचा, हरभऱ्याच्या डाळीनंतर आधी मूठभर भरड का काढायची. तो माणूस लक्ष देऊन शिकत होता. एकदा त्याने पिठात हात घातला आणि तसाच ठेवला.

“तुम्हाला खरंच भीती वाटत नाही का हो?” भास्करने विचारलं.

“वाटते,” तो म्हणाला. “रोज चार खेळ. दर खेळाला वाटते. तोंडावर आणायची परवानगी नाही, त्यामुळे ती बाहेर जात नाही. साचून राहते.” त्याने हात पिठातून काढला. “आजवर लाखो लोकांनी बघितलं. सगळ्यांनी शिट्ट्या मारल्या. याला घाबरायला हवं होतं असं आपणच पहिल्यांदा म्हणालात. मला बरं वाटलं. आभार मानायचे राहिले होते.”

 भास्करने त्याला पट्टा निसटला तर काय करायचं ते दाखवलं.

संध्याकाळी शैलाने नाशिकला फोन लावला आणि भावाला सगळं सांगितलं.  विलास म्हणाला, “पण ताई, दाजींचं काम किती मिनिटांचं आहे?” शैलाने फोन ठेवून दिला.

“चप्पल घालून जाऊ नका,” ती नवऱ्याला म्हणाली. “विलासचे बूट राहिलेत इथं. एक नंबरने मोठे आहेत, पण पुढं कापूस घालू.”

“बूट घालून काय होणार आहे शैला? त्याची गोळी काय चालत येणार आहे?”

“मग नका जाऊ.”

“नाही गेलो तर अर्ज खोटा ठरेल. मग तुला मी आठवणार नाही.”

शैला बुटांत कापूस भरत होती. ती भरतच राहिली. दोन्ही बूट गच्च भरले, पाय जायला जागा उरली नाही, मग तिने थोडा परत काढला. “तसं झालं तर मला कळणारही नाही,” ती म्हणाली. “विलासच्या बुटांत कापूस का भरलाय, एवढंच वाटत राहील मला.”

शुक्रवारी दुपारी टॉकीज भरली होती. ऑपरेटर इसाकभाईने भास्करला बाजूच्या बोळातून नेलं आणि पडद्याच्या डाव्या अंगाचं छोटं दार उघडलं. त्याने खांद्यावर हात ठेवला, काही बोलावं की नको याचा विचार केला, आणि शेवटी म्हणाला, “खाली बघून जा, पायरी आहे.”

भास्कर आत गेला, तेव्हा ऊन टाळूवर आलं होतं. धूळ तोंडात गेली, तिला मिठाची चव होती. रस्त्याच्या एका बाजूला लाकडी घरं, सगळ्या खिडक्या बंद. दुसऱ्या बाजूला, जिथे आणखी घरं असायला हवी होती, तिथे अंधार होता आणि अंधारात डोकी. डोळे सरावले तसे चेहरे ओळखू येऊ लागले. आप्पा जगदाळे, रसवंतीवरचे सगळे, गिरणीतल्या बायका. पहिल्या रांगेत मधोमध शैला. तिने लग्नातली साडी नेसली होती.

सिनेमा बघताना इथे मोठं संगीत असतं. भास्करला ते आठवत होतं. इथे उभं राहिल्यावर कळलं की ते फक्त तिकडच्या लोकांना ऐकू येतं. आत नुसती माशांची घूं-घूं होती.

चाळीस पावलांवर काळ्या कोटवाला उभा होता.

भास्करने पळायचं ठरवलं. मनातल्या मनात तो पळालासुद्धा, त्या बंद दुकानाच्या बोळातून मागे, तिथून मोकळ्या जागेत, लांबपर्यंत एक घर नसलेल्या त्या मोकळ्या जागेत, जिथे लपायला काही नव्हतं हे त्याला आता दिसत होतं. पायांपर्यंत मात्र यातलं काही पोचलं नाही. पाय कोणा दुसऱ्याचे असावेत तसे बुटांत उभे होते. पाठीचा मधला भाग, जिथे आपला हात कधी पोचत नाही तो, गार पडला होता.

समोरच्याचे ओठ हलले. शब्द धुळीवरून चालत आले.

“आपण नवीन?”

“बदलीवर आलोय,” भास्कर म्हणाला.

“अर्ज काय आहे?”

“पळालो असतो, असा आहे.”

“मला तसं कळवलंय.” काळ्या कोटवाल्याचा आवाज कचेरीतल्या माणसासारखा होता, ना राग ना लोभ. “आपण पाठ फिरवली की माझं काम सुरू होतं. त्याआधी मला हात लावता येत नाही.”

अंधारात कोणीतरी खोकलं. भास्करचा गुडघा हलला. त्यासरशी समोरच्याचा हात खाली गेला, बोटं पिस्तुलावर टेकली, आणि तिकडे चारशे माणसांनी एकदम श्वास धरला. गुडघा थांबला. बोटं टेकलेलीच राहिली.

त्यानंतर टॉकीजमध्ये कोणी खोकलं नाही.

तीन वाजता खेळ सुटायचा, तो सुटला नाही. रीळ संपेना. इसाकभाईने दोनदा वर जाऊन बघितलं आणि खाली येऊन नुसती मान हलवली. मालकांनी तीनच्या आणि सहाच्या लोकांना तसंच आत घेतलं. शनिवारी शाळेची मुलं मास्तरांबरोबर येऊन गेली. तिकडे दिवस मावळत होते, उगवत होते, आणि भास्करच्या टाळूवर बारा वाजलेलेच होते. घाम भुवईपर्यंत येई आणि तिथून डोळ्यात जाई. डोळा पुसता येत नव्हता.

त्या भीतीची त्याला सवय झाली असं कोणी म्हणेल, तर ते खरं नाही. पहिल्या मिनिटाला जेवढी होती, तेवढीच ती चौथ्या दिवशी होती. फक्त आता तिच्यात लहान-लहान गोष्टी दिसू लागल्या होत्या. काळ्या कोटाच्या तिसऱ्या गुंडीचा दोरा सुटला होता. खिडकीच्या फटीतून एक बाई बघत होती आणि तिचे ओठ सारखे काहीतरी म्हणत होते, शब्द येतच नव्हते. शाळेमागून गिरणीचा आवाज येई. तो माणूस ज्वारी अजून जरा जाडच काढत होता.

शैला रोज दुपारी येई. पहिल्या रांगेत बसे, डबा मांडीवर ठेवी आणि उघडत नसे, झाकणाचा आवाज होईल म्हणून. त्याच्याकडे ती बघे, पण मान हलवत नसे, हसत नसे, डोळे पुसत नसे. आपल्या एखाद्या हालचालीला तो हलेल हे तिला कळत होतं. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, आणि इतका वेळ एकमेकांकडे बघत ती दोघं कधी राहिली नव्हती.

पाचव्या दिवशी गजभिये बाई आल्या. आयुष्यातला पहिला सिनेमा. त्या भिंतीला लागून उभ्या राहिल्या, नियमांचं पुस्तक काखेत होतं. त्यांनी पुष्कळ वेळ पानं उलटली, एकेक पान इतक्या हलक्या हाताने की कागद वाजू नये. मग पुस्तक मिटलं, शैलाच्या शेजारी येऊन बसल्या आणि तिच्या कानात कुजबुजल्या, “कधी पळायचं, ती वेळ अर्जात लिहिलेली नाही.”

पडद्याच्या आत ते भास्करपर्यंत पोचलं. त्याने डोळे हलवले नाहीत.

सहाव्या दिवशी समोरच्याचे ओठ पुन्हा हलले.

“आपण पळणार आहात ना?”

“पळणार तर आहेच,” भास्कर म्हणाला.  “अर्जच तसा आहे.”

“कधी?”

भास्करने विचार केला. ऊन होतं तिथेच होतं.

“बघतो,” तो म्हणाला.

“सावकाश,” काळ्या कोटवाला म्हणाला, आणि बोटं होती तिथेच ठेवून तो उभा राहिला. अंधारात मागचं दार उघडलं, आणि सहाच्या खेळाची माणसं चपला हातात घेऊन एकामागून एक आत येऊ लागली.